सुटणे आणि सोडणे

तुमसर गाव आणि तुमसर रोड स्टेशन ही दोन निराळी ठिकाणे आहेत, हे परगावच्या पाहुण्याला गाडीतून उतरल्यावरच कळते. स्टेशन देव्हाडीला, गाव तिथून काही मैल आत. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाड्या या स्टेशनावरून जातात, आणि इथूनच तिरोडीकडे एक फाटा फुटतो. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खाणी, भाताच्या गिरण्या आणि धानाचा बाजार, एवढ्यावर आमच्या तालुक्याची ओळख संपते. तत्त्वचिंतनासाठी कोणी तुमसरला येत नाही. पण माझ्या मनात गेली दोन वर्षे घोळत असलेला एक प्रश्न मला मिळाला तो याच स्टेशनाच्या फलाटावर.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. हलके धान निघाले होते, भारी धान अजून शेतात उभे होते. आमच्या भागात काही वर्षे राहिलेले एक पाळक बदलून चालले होते. इथली लहानशी मंडळी सोडून दुसऱ्या जिल्ह्यात एका वसतिगृहातल्या मुलांची देखरेख करण्याचे काम त्यांनी पत्करले होते. मी ख्रिस्ती नाही. पण आमचा परिचय पुस्तकांच्या देवघेवीतून झालेला आणि चहाच्या कपावर वाढलेला. त्यांना पोचवायला मी गेलो होतो. मंडळीतली माणसे सकाळीच हार घालून, डोळे पुसून परतली होती. आता फलाटावर आम्ही दोघे, एक ट्रंक आणि एक वळकटी.

गाडीला वेळ होता. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "पास्टरसाहेब, नव्या पाळकांना इथल्या माणसांची सगळी कल्पना दिलीत ना?"

"नावे दिली, गुरुजी. कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरायचे आहे, कोणाला डोळ्यांनी दिसत नाही म्हणून घरी जाऊन भेटावे लागते, तेही लिहून दिले. स्वभाव मात्र सांगितले नाहीत."

"का बरे? तेच तर उपयोगाचे."

ते हसले. "माझा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर कशाला? ज्यांच्याशी माझे जमले नाही, त्यांच्याशी त्यांचे जमेल. जमू द्यावे."

एवढ्यात गाडी आली. ट्रंक चढवली, हात जोडले, आणि दिव्यांची ती ओळ गोंदियाच्या बाजूला निघून गेली. मी मात्र फलाटावर जरा वेळ उभा राहिलो. त्यांचे वाक्य मला लागले होते आणि त्याला कारण होते.

कारण सांगायचे तर स्वतःचाच एक दोष उघडा करावा लागेल. पण दिवाळीत घर झाडतो तेव्हा माळ्यावरचेही काढतोच, तेव्हा तेही सांगून टाकतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एका लहान शाळेचा मास्तर. कादंबऱ्या लिहितो, म्हणजे माणसे कोणत्या दारातून निघतात आणि कोणत्या दारात शिरतात, ते पाहत बसतो. या शाळेत येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत चौदा वर्षे होतो. तिथून निघालो तो रागाने. रागाचे कारण आता मलाही धड आठवत नाही, यावरून त्याचे मोल समजावे. निघालो खरा, पण सुटलो नाही. नव्या शाळेत पाऊल टाकले त्या दिवसापासून माझ्या तोंडी एकच पालुपद: "आमच्या तिकडे असे नव्हते." फळ्यापासून प्रार्थनेपर्यंत सर्व काही तिकडचे चांगले. आणि गंमत अशी, की तिकडे होतो तेव्हा तिथल्या प्रत्येक गोष्टीला मी नावेच ठेवीत होतो! शिवाय जुन्या शाळेतली मुले रस्त्यात भेटली, की मी त्यांना विचारी, "नवे गुरुजी कसे शिकवतात रे?" मूल बिचारे मला बरे वाटावे म्हणून म्हणे, "तुमच्यावानी नाही जी." ते ऐकून मी सुखावे. आज विचार करतो, तर त्या सुखाचा रंग मला फारसा चांगला दिसत नाही. माझ्या जागी आलेल्या माणसाच्या पायाखालची माती मी रोज ओंजळभर काढून नेत होतो.

अखेर नव्या शाळेतल्या एका पोरीने मला जागे केले. मी नेहमीचे पालुपद सुरू केले, तशी ती सरळपणे म्हणाली, "गुरुजी, तुमी आजून तिकडच्याच साळेत आहा का जी?" वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी गेल्यावर हसू आले नाही.

तेव्हा प्रश्न असा: पद सुटणे आणि पद सोडणे यांत अंतर किती? राजीनाम्याच्या कागदावर सही केली की पद सुटते. पण त्या पदाला चिकटलेला जो मी, तो कधी सुटतो? आणि तो सुटल्याशिवाय दुसरीकडचा आरंभ हा आरंभ म्हणावा का? सर्वच व्यवसायांत हा प्रश्न आहे. पण धर्मसेवेत तो अधिक टोकदार होतो. कारकुनाने कचेरी बदलली तर त्याला कोणी काही विचारत नाही. देवाने बोलावले म्हणून आलो, असे म्हणणाऱ्याने जागा बदलली, की लोक विचारतात: मग आता कोणी बोलावले? देवानेच, की तुमच्या कंटाळ्याने?

हा प्रश्न महाराष्ट्रात ज्यांना आयुष्यभर पुरला, त्यांची आठवण तुमसर रोडच्या फलाटावर होणे साहजिक आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले ते याच लोहमार्गाने. भंडारा जिल्ह्यातली हीच धानाची शेते त्यांच्या खिडकीबाहेरून सरकली असतील. डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात बायबल ठेवले. पुढे डोंगरावरील प्रवचन वाचू लागल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या मनाने तोच मार्ग धरला. ही कथा 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे.

पण मला आज सांगायचे आहे ते त्या प्रसिद्ध निघण्याविषयी नाही. टिळकांचे दुसरे निघणे मला अधिक विचार करायला लावते. बाप्तिस्म्यानंतर ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात राहिले. ही मिशन म्हणजे लहानसहान संस्था नव्हे. तिचे मूळ १८१३ सालापर्यंत जाते. तिथे त्यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्यांना शिकवले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. घर होते, पगार होता, मान होता. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी घरच्या मुलासारखे राहून गेले. आणि १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, या माणसाने मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा गाठले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोहोंनी एकत्र बसून ख्रिस्ताचे शिष्य व्हावे, हा त्या दरबाराचा विचार.

त्यांनी असे का केले? मिशनशी भांडण झाले म्हणून? मतभेद होते, यात शंका नाही. परदेशी पैशावर आणि परदेशी देखरेखीखाली उभा असलेला ख्रिस्तीधर्म मराठी माणसाच्या अंगणात परकाच राहील, हे त्यांना सलत होते. आपल्याकडे संत भिक्षा मागत फिरले, कोणाच्या नोकरीत राहिले नाहीत. मग ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्यानेच महिन्याच्या महिन्याला पगार का मोजून घ्यावा? अभंग आणि कीर्तन यांची वाट त्यांनी आधीच धरली होती. आता राहणीही त्या वाटेला शोभेल अशी करायची होती.

पण इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टिळकांनी पगारी सेवा सोडली, 'ज्ञानोदय' सोडला नाही. १९१९ सालच्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले, तोवर ते संपादक होतेच. त्या पत्राचा वाचक तोच, लिहिणारा हात तोच. मला वाटते, रागाने निघालेला आणि हाकेने निघालेला यांतला फरक इथे दिसतो. रुसलेला माणूस आधी काम टाकतो आणि लाभ जमेल तितके दिवस ठेवतो. ज्याला खरोखर पुढची हाक आलेली असते, तो लाभ आधी टाकतो आणि कामातले जे आपल्यावाचून अडेल, ते करीत राहतो. मी जुन्या शाळेतून निघालो तेव्हा काय केले होते? सहामाहीचे पेपर तपासायचे होते, ते तसेच टाकून आलो होतो. मान मात्र बरोबर घेऊन आलो होतो.

निघण्यातला कडवटपणा टाळणे थोरांनाही सोपे गेलेले नाही. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी'चे संपादन सोडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. विचार पटेनासे झाल्यावर त्याच खुर्चीत बसून राहणे हा अप्रामाणिकपणा ठरला असता, म्हणून त्यांचे निघणे रास्तच होते; त्या निघण्याने महाराष्ट्राला केवढे धन दिले! पण एकेकाळचे दोन जिवलग मित्र त्यानंतर वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध किती कठोर लिहीत राहिले, तेही इतिहासात नोंदलेले आहे. निघणे योग्य असले, तरी निघण्याची जखम दोन्हीकडे होते. तिला जपावे लागते.

आता एक अवघड गोष्ट, जी अशा थोर त्यागाच्या कथेत बहुधा ओझरती सांगितली जाते. पुरुषाने पगार सोडला, पण चूल कोणाची? लक्ष्मीबाईंनी आपल्या पतीच्या उदारपणाच्या, विसराळूपणाच्या आणि रागाच्या कितीतरी गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या वाचताना आपण पोट धरून हसतो. पण हसू ओसरल्यावर कळते, की घरातली वस्तू कोणाला तरी देऊन टाकणारा हात एक असतो आणि ती वस्तू उद्या लागेल हे आठवणारे डोळे दुसरेच असतात. ज्याला देवाची हाक येते त्याच्या घरातल्यांनाही ती हाक ऐकू येतेच असे नाही. मग त्याने थांबावे काय? याचे सरळ उत्तर माझ्याजवळ नाही. थांबला असता, तर 'देवाचा दरबार' झाला नसता. आणि न थांबल्याचा भार पत्नीने वाहिला. टिळकांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी वसतिगृहात नोकरी केली. पतीने अर्धवट ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या बाईने शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहिली, ती आज मराठी भाषेचा दागिना आहे. १९३६ साली त्या गेल्या. टिळकांनी जे सोडले, ते कोणीतरी उचलले म्हणून ते सोडणे शोभले, एवढे म्हणता येते. त्यापलीकडे मला इतकेच कळते, की निघणाऱ्याने आपला त्याग मोजताना त्यातला दुसऱ्याच्या खिशातला किती, हे वेगळे लिहावे. माझ्या शाळा बदलण्यात माझा पगार घटला होता. त्या वर्षी दिवाळीला अनारसे झाले नाहीत. मी त्याला तत्त्वनिष्ठा म्हणत होतो. घरातले काही म्हणाले नाहीत.

निघण्याविषयी एवढे झाले. आरंभाचे काय? पहिली गोष्ट, चांगला आरंभ आणि लांब मुदत यांचा संबंध नाही. टिळकांचा दरबार दोन वर्षेही नीट चालला नाही. मृत्यूने तो मध्येच थांबवला. म्हणून आरंभ फसला म्हणावे काय? ज्या भावाने ते बसले, तो त्यांच्या अभंगांत उतरला, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत ती पदे आजही टाळ-मृदंगावर म्हटली जातात. दुसरी गोष्ट, आरंभाला वय नसते. अमेरिकन मराठी मिशनचेच जस्टिन अॅबट यांचे उदाहरण पाहा. आयुष्याचा मोठा भाग मुंबईकडे घालवून ते मिशनमधून निवृत्त होऊन अमेरिकेला गेले. इकडे ज्यांना उपदेश करायला आले होते, त्यांच्याच संतांकडे आता ते विद्यार्थ्यासारखे वळले. महाराष्ट्रातील संतकवींची चरित्रे आणि वाणी इंग्रजीत आणणारी त्यांची ग्रंथमाला १९२६ पासून निघू लागली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकामागून एक ग्रंथ आले. १९३२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम चालले होते. पूर्वी जे शिकवत होते, ते आता शिकू लागले. नव्या जागी जाणाऱ्याने आधी विद्यार्थी व्हावे, याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मागे राहिलेल्या जागेविषयी. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पदत्याग जाहीर केला, तेव्हा सगळे जग चकित झाले. सुमारे सहाशे वर्षांत, म्हणजे १४१५ साली बाराव्या ग्रेगरींनी पद सोडल्यापासून, कोणत्याही पोपने असे केले नव्हते. बळ पुरेनासे झाले म्हणून एवढे सिंहासन सोडणे ही मोठीच नम्रता. पुढे कोण येणार हे ठाऊक नसताना, त्याची आज्ञा मी पाळीन, असे वचनही त्यांनी देऊन ठेवले. तरीही ते व्हॅटिकनमध्येच एका मठात राहिले आणि पांढरा झगा त्यांनी ठेवला. त्यांना प्रार्थनेत राहायचे होते, यात संशय नाही. पण नव्या पोपांचे ज्यांना पटेना, त्यांची नजर वारंवार त्या मठाकडे वळू लागली. निघणाऱ्याने तोंड मिटले, तरी त्याचे सावलीसारखे असणेही बोलू शकते. मग सामान्य मास्तराने रस्त्यात मुलांना थांबवून "नवे गुरुजी कसे रे?" असे विचारावे, त्याचा परिणाम काय होत असेल!

पाळकसाहेबांचे वाक्य मला का लागले, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. नावे द्यावीत, स्वभाव देऊ नयेत. दुखणाऱ्यांची यादी द्यावी, भांडणाऱ्यांची देऊ नये. म्हणजे आपण जे प्रेम केले, त्याचा हिशेब पुढच्याला मिळतो आणि आपला द्वेष आपल्याबरोबरच गाडीत बसतो. आणि गाडीत बसल्यावर तो खिडकीतून टाकून द्यावा.

पुढे त्यांचे एक पत्र आले. वसतिगृहातली मुले दंगेखोर आहेत, असे त्यांनी लिहिले होते, आणि पहिला महिनाभर आपण काहीही बदलले नाही, फक्त नावे पाठ केली, असेही. इकडच्या कोणाविषयी त्यांनी विचारले होते? तर त्या डोळ्यांनी अधू असलेल्या आजीविषयी, तेही मला, नव्या पाळकांना नाही. म्हणजे त्यांना आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे असे वाटू नये. मी त्या आजीकडे जाऊन आलो. नवे पाळक आदल्याच दिवशी येऊन गेले होते. आजी म्हणाली, "हा बी चांगला आहे जी. जरा हळू बोलतो." मी तेवढेच कळवले.

त्या वर्षीची दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. एका मंडईत, दंडारीच्या गर्दीत, जुन्या शाळेत माझ्या जागी आलेले गुरुजी दिसले. सात वर्षे आमची ओळख नव्हती, म्हणजे मी होऊ दिली नव्हती. माझ्याकडून शिकून गेलेला एक मुलगा त्यांच्याबरोबर होता. मला पाहून तो सवयीने म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारखं गणित कोणी..." मी त्याला पुरे करू दिले नाही. त्या गुरुजींना नमस्कार केला आणि म्हटले, "सहामाहीचे पेपर तुमच्या गळ्यात टाकून आलो होतो. राहून गेले होते सांगायचे."

ते जरा गोंधळले, मग म्हणाले, "बेचाळीस होते."

त्यांनी आकडा लक्षात ठेवला होता. मी चहा सांगितला.